गॅरेज टाकताय? मग ‘नव्वद नंबर’वर थांबू नका!



गॅरेज किंवा ऑइल चेंजचं छोटं सेंटर टाकायचं म्हटलं की आपण जागा, भाडं, टूल्स, बोर्ड या सगळ्याचा हिशोब करतो. ऑइलचा विषय आला की मात्र दुकानदाराला सांगतो, “गिअर ऑइल द्या, नव्वद नंबर.” विषय संपला! पण गिऱ्हाईक तुमच्याकडे परत येणार की नाही, हे बऱ्याचदा इथेच ठरतं. कारण इंजिन ऑइल काही हजार किलोमीटरनंतर बदललं जातं, गिअर ऑइल मात्र वर्षानुवर्षं आत राहतं. चुकीचं भरलं, तर त्याची शिक्षाही गाडी तितकीच वर्षं भोगते.

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात. त्या आज नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट: घट्टपणा

समजा, डब्यावर ७५डब्ल्यू-९० लिहिलंय. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज हलतं ते सांगतो, आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहतं ते सांगतो. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशाला होते, ८०डब्ल्यूची उणे २६ला आणि ८५डब्ल्यूची उणे १२ला. आपल्याकडे एवढी थंडी पडत नाही. तरीही गार सकाळी पहिला-दुसरा गिअर टाकताना पातळ ऑइल हाताला हलकं लागतं.

इथे एक गैरसमज काढून टाका. गिअर ऑइलचं ९० हे इंजिन ऑइलच्या ४०-५०च्या दुप्पट घट्ट नसतं. दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. प्रत्यक्षात ९० नंबरचं गिअर ऑइल घट्टपणात ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलच्या आसपासच असतं. त्यामुळे “आकडा मोठा म्हणजे ऑइल दमदार” हा हिशोबच चुकीचा. पुस्तिकेत ७५डब्ल्यू-८० दिलं असेल, तर “गाडी घाटात चालते” म्हणून मनाने ९० भरू नका.

दुसरी गोष्ट: जीएल-४ की जीएल-५?

खरी गंमत इथे आहे. हे एपीआय या अमेरिकन संस्थेचे वर्ग आहेत. पाच हा चारपेक्षा मोठा, म्हणजे जीएल-५ चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण ही इयत्ता चौथी-पाचवी नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

डिफरन्शियलमधले दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घासत फिरतात. तिथे धातूवर संरक्षक थर धरणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं भरपूर लागतात. ते काम जीएल-५चं. जीएल-४मध्ये ही रसायनं साधारण निम्मी असतात.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रो रिंग असतात. बऱ्याच गाड्यांत त्या पितळेच्या. गिअर बदलताना ही रिंग गिअरच्या कोनाला घट्ट धरते, दोघांचा वेग सारखा करते, आणि मग गिअर अलगद बसतो. म्हणजे रिंगला थोडं घर्षण हवंच! ऑइल जास्त निसरडं असेल तर रिंग सटकते आणि गिअर करकरतो. शिवाय काही जीएल-५ ऑइलमधलं गंधक गरम झाल्यावर पितळ खाऊ शकतं. म्हणून पुस्तिकेत जीएल-४ असेल, तर जीएल-४च. डब्यावर “सिंक्रोमेश गिअरबॉक्ससाठी चालेल” असं कंपनीने स्पष्ट लिहिलं असेल, तरच वेगळा विचार करा.

एकच ड्रम सगळ्यांना? नाही!

टाटा एस, बोलेरो पिकअप, ईको या गाड्यांची ताकद मागच्या चाकांना जाते. गिअरबॉक्स पुढे आणि डिफरन्शियल मागे, म्हणून दोन जागा आणि दोन वेगळ्या चौकशा. स्विफ्ट, वॅगन आरसारख्या गाड्यांत दोन्ही एकाच केसिंगमध्ये असतात, तिथे ऑइल एकच. काही कंपन्या तर गिअरबॉक्ससाठी स्वतःचंच खास ऑइल सांगतात. त्यामुळे अंदाज नको. आधी पुस्तिका, मग डबा.

मापाचे डबेही वेगळे ठेवा. एकाला हिरवा रंग, एकाला लाल. नवा पोरगासुद्धा चुकणार नाही.

काम करताना हे पाच नियम

१. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. कोमट ऑइल पूर्ण निथळतं.

२. गाडी सपाट जागेवर घ्या आणि आधी भरायचा बोल्ट उघडा. तो जाम असेल आणि तुम्ही खालचं ऑइल काढून बसलात, तर गाडी तुमच्याच दारात अडकेल.

३. खालच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर नीट बघा. राखाडी बारीक चिखल चालतो. धातूचे तुकडे दिसले तर थांबा आणि मालकाला बोलावून दाखवा. ऑइलमध्ये पिवळी चमक दिसली तर सिंक्रो रिंग झिजल्याचा संशय घ्या.

४. बोल्टचा वॉशर नवा टाका. भरायचं छिद्र बाजूला असेल, तर सहसा छिद्राच्या काठापर्यंत ऑइल भरायचं असतं. पुस्तिकेतलं मापही ताडून बघा.

५. जुनं ऑइल गटारात नाही! कायद्याने तो घातक कचरा आहे. बंद डब्यात साठवा आणि अधिकृत रिसायकलरलाच द्या.

आणि हो, गिअर करकरतो म्हणून प्रत्येक वेळी ऑइलच विकू नका. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही करकर आली, तर आधी क्लच तपासा.

आता धंद्याचा हिशोब

समजा, योग्य ऑइल लिटरमागे १०० रुपयांनी महाग आहे आणि गाडीला २ लिटर लागतं. फरक २०० रुपये. गिऱ्हाईक कुरकुरेल. त्याला शांतपणे विचारा, “गिअरबॉक्स उघडायला लागला तर टेम्पो किती दिवस उभा राहील? तुमचं एका दिवसाचं भाडं किती?” पुढचा हिशोब तो स्वतःच करतो. तुम्ही ऑइल विकत नाही, त्याचे कमाईचे दिवस वाचवता. ही भाषा टेम्पोवाल्याला लगेच कळते.

मग बिलावर नुसतं “गिअर ऑइल” लिहू नका. गाडी नंबर, किलोमीटर, ऑइलचा पूर्ण ग्रेड आणि किती लिटर भरलं, हे चारही लिहा. उद्या तक्रार आली तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

आजचा गृहपाठ: तुमच्या भागात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या पाच गाड्या निवडा. त्यांच्या पुस्तिका मिळवा. प्रत्येकीचं गिअरबॉक्सचं ऑइल, डिफरन्शियलचं ऑइल आणि माप एका तक्त्यात लिहा. तो तक्ता गॅरेजच्या भिंतीवर, गिऱ्हाइकाला दिसेल असा लावा. ऑइलचा पहिला माल त्या तक्त्याप्रमाणेच भरा.