बदनापूरची तूर : पन्नास वर्षांचा मागोवा

१८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्या विद्यापीठाने पुढे आपल्याला काय दिलं, हे जालना जिल्ह्यात पाहायचं असेल तर बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातली तूर पाहावी.

तुरीचे दोन जुने वैरी. मर रोगाची बुरशी मातीतच राहते. शेंगांवर आलेलं झाड उभ्याउभ्या वाळतं. वांझ रोग जास्त फसवा. झाड हिरवंगार दिसतं, पण फुलतच नाही. डोळ्यांना न दिसणारा कोळी त्याचा विषाणू पसरवतो.

यांना पुरून उरणारा वाण हवा, तर रोग मुद्दाम वाढवावा लागतो. बुरशीने भरलेला जमिनीचा तुकडा वर्षानुवर्षं जपून त्यातच नवी रोपं लावायची. वांझ रोगाच्या चाचणीत रोगट पान कोवळ्या रोपाच्या पानावर दुमडून चक्क स्टेपलरने टाचतात. पान सुकू लागलं की कोळी रोपावर उतरतो. जे तगेल तेच पुढे न्यायचं. पान टाचण्याची ही रीत बसवली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने. तीही १९७२ चीच संस्था.

नव्वदच्या दशकात बदनापूरहून बीएसएमआर ७३६ हा वाण आला. दोन्ही रोगांना तो दाद देत नव्हता, पण पिकायला सहा महिने घ्यायचा. दरम्यान पावसाची तऱ्हा बदलली. २०१२ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. त्याच सुमारास आलेला बीडीएन ७११ पाच महिन्यांत तयार होतो. जमिनीतली ओल संपायच्या आत शेंगा भरतात. शिवाय सरळ वाण असल्याने घरचं बियाणं काही वर्षं चालतं. बियाणं उद्योगासाठी नावाजलेल्या जालन्यात कोरडवाहू शेतकऱ्याला हा मोठाच आधार.

२०१५ मध्ये तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा एका पिकाची किंमत सगळ्या देशाला कळली. आजही आपण म्यानमार, मोझांबिककडून तूर आणतो.

दुष्काळाच्या वर्षी वाण तयार होत नाही. तो आधीच्या दहा वर्षांत तयार झालेला असावा लागतो. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षीही संशोधकांच्या जागा भरलेल्या हव्यात आणि तो रोगट तुकडा जपलेला हवा.