मेंदूची जखम आणि बोलण्याचा हेल

१९४१ च्या सप्टेंबरात, नॉर्वे जर्मन अंमलाखाली असताना, ऑस्लोवर झालेल्या हवाई हल्ल्यात बॉम्बचा तुकडा लागून एका तरुण स्त्रीच्या मस्तकाच्या डाव्या बाजूस भयंकर जखम झाली. ती शुद्धीवर आली तेव्हा उजवे अंग लुळे पडले होते आणि वाचा गेली होती. वाचा कालांतराने परतली. परंतु ती अशा विलक्षण रूपात, की या बाईची मातृभाषा तिच्याच देशबांधवांच्या कानांना जर्मन माणसाने बोलावी तशी वाटू लागली, आणि जर्मनांविषयीचा द्वेष घरोघरी धुमसत असलेल्या त्या काळात दुकानदार तिला माल देण्यासही नाकारू लागले. जखमेच्या यातनांपेक्षा हा बहिष्कार मला अधिक क्रूर वाटतो.

मज्जाविकारतज्ज्ञ मोनराड-क्रोन यांनी १९४७ साली तिची हकिकत प्रसिद्ध केली. बाईला सूर गुणगुणता येत होते. बिघडला होता तो बोलण्यातला स्वरांचा चढउतार. नॉर्वेजियन भाषेत या चढउतारावर काही शब्दांचा अर्थदेखील अवलंबून असल्यामुळे तेवढा बिघाडही लपून राहणारा नव्हता. अशीच हकिकत फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ पिएर मारी यांनी १९०७ सालीच नोंदली होती. त्यांचा पॅरिसवासी रोगी जर्मनीच्या सीमेलगतच्या आल्सेस प्रांताकडच्या हेलाने बोलू लागला होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा रोग्याला कोणतीही परकी भाषा अवगत झालेली नसते. श्वास, कंठ, जीभ आणि ओठ यांच्या हालचालींचा क्षणाच्या सूक्ष्म अंशापर्यंत मेळ घालणारी मेंदूतील यंत्रणा, बहुधा डाव्या गोलार्धातील, पक्षाघाताने वा डोक्याला मार लागून दुखावली, की ऱ्हस्व स्वर लांबतात, आघात भलत्याच अक्षरावर पडतो, वाक्याच्या शेवटी उतरणारा सूर चढतो. आणि बोलण्यावरून माणूस कोकणातला की वऱ्हाडातला हे ओळखण्याची सवय जडलेला आपला कान त्या विस्कळीत ध्वनींनाही एखादा मुलूख बहाल करून मोकळा होतो. म्हणूनच एकाच रोग्याचे बोलणे एकाला फ्रेंच, तर दुसऱ्याला पोलिश वाटते. परकेपणा पुष्कळसा ऐकणाराच निर्माण करतो.

हा विकार दुर्मीळ आहे. पक्षाघात मात्र दुर्मीळ नाही. तेव्हा घरातल्या कोणाचे बोलणे एकाएकी जड, बोबडे किंवा अनोळखी वाटू लागले, तर ते सोंग किंवा थकवा समजून सकाळची वाट पाहत बसू नये. रुग्णालय तत्काळ गाठावे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.