जुन्या खेळाची नवी आवृत्ती : हक्क कोणाचा?

विटीदांडूचे नियम कोणी छापून ठेवले नाहीत. एका गावात डाव असा मोजतात, शेजारच्या गावात तसा, आणि त्यावरून कोणी कोर्टात गेल्याचे ऐकिवात नाही. पण ज्या खेळाचे नियम, गोष्टी आणि चित्रे पुस्तकात छापून विकली जातात, त्याचे काय? अमेरिकेतल्या एका खेळाच्या निमित्ताने हा प्रश्न पाहू.

त्या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली टीएसआर या कंपनीने प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो : समोर पडका किल्ला आहे, आत अंधार आहे, कसला तरी आवाज येतोय. बाकीच्यांपैकी कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. आपण काय करणार ते ज्याने त्याने बोलून सांगायचे. ते साधले की फसले, हे फाशांवर ठरायचे. म्हटले तर नाटक, म्हटले तर सोंगट्या! सूत्रधाराच्या सोयीसाठी तयार कथानकांची पुस्तके निघतात. १९७८ सालचे ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे त्यांतले फार गाजलेले.

पुढे नियम बदलत गेले. २०००, २०१४, २०२४ साली नवे ग्रंथ आले आणि जुन्या कथानकांतले आकडे नव्या नियमांशी जुळेनात. मग एखादा हौशी खेळाडू जुने पुस्तक घेऊन बसतो, रात्री जागून ते नव्या नियमांत बसवतो, आणि म्हणतो, एवढी मेहनत केली, तर चार लोकांना वाटू या. खरी अडचण इथून सुरू होते.

पुस्तक आता छापत नाहीत, म्हणजे ते कोणाचेच नाही, असा पुष्कळांचा समज असतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. रान पडीक आहे म्हणून सातबाऱ्यावरचे नाव पुसले जात नाही. टीएसआर ही कंपनी १९९७ साली ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली, आणि १९९९ साली ‘हॅस्ब्रो’ने विझर्ड्सला. मालक बदलले, मालकी राहिली. १९७४ च्या मूळ पुस्तकावरचा प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, अमेरिकेत ९५ वर्षांच्या हिशेबाने २०६९ अखेर संपेल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे मोजतात. लेखक दोघे असतील, तर मागाहून गेलेल्याचे साल धरतात. आर्नेसन २००९ साली वारले. म्हणजे पुन्हा २०६९ च! ‘मी फुकट वाटतो, विकत नाही,’ या सबबीनेही सुटका होत नाही. भाषांतर आणि रूपांतर हे हक्कदेखील मूळ मालकाचेच असतात.

मग हौशी माणसाने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८८० साली बेकर-सेल्डन हा खटला निकाली निघाला. सेल्डनने हिशेब ठेवण्याची एक पद्धत पुस्तकात सांगितली होती. न्यायालय म्हणाले, पुस्तक त्याचे, पद्धत वापरायला सर्वांना मोकळीक. खेळाच्या नियमांना हेच लागू पडते. फासा टाकून वार लागला की नाही हे ठरवण्याची रीत कोणाच्या मालकीची नाही. ती ज्या शब्दांत मांडली ते शब्द, ती गोष्ट, ती चित्रे मालकीची. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ साली ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात असाच निवाडा दिला : कल्पनेवर प्रताधिकार नाही, तिच्या मांडणीवर आहे.

म्हणून जाणते हौशी लोक जुने पुस्तक पुन्हा छापत नाहीत. ते फक्त टाचण देतात : अमुक खोलीतल्या राक्षसाचे बळ आता इतके धरा. मूळ पुस्तक ज्याने त्याने आपले घ्यावे. नावाचे मात्र जपावे. व्यापारचिन्ह वापरात असेतो आणि नोंदणी चालू ठेवली तर वर्षांच्या मर्यादेने संपत नाही. गंमत अशी, की या खेळाच्या पहिल्या पुस्तकात टोल्कीन यांच्या कादंबऱ्यांतले ‘हॉबिट’ होते. हक्कदारांनी आक्षेप घेतल्यावर १९७७ च्या सुमारास त्यांचे ‘हाफलिंग’ करावे लागले. दुसऱ्याच्या रानातून पायवाट या कंपनीनेही एकदा काढलीच होती!

२००० साली विझर्ड्सने एक खुला परवाना दिला. नियमांचा मोठा भाग कोणीही वापरावा, त्यावर पुस्तके काढावीत, विकावीत. त्याच्या आधाराने २००६ साली ‘ऑस्रिक’ या पुस्तकात हौशी लेखकांनी १९७७-७९ च्या काळातले नियम स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहून काढले. कितीतरी जणांचे पोट त्या परवान्यावर चालू लागले. त्यात ‘कायमचा’ असा शब्द होता. ‘रद्द न होणारा’ असा नव्हता. कायद्याच्या भाषेत हे दोन एक नव्हेत. जानेवारी २०२३ मध्ये जुना परवाना यापुढे ग्राह्य नाही असे सांगणारा नवा मसुदा बाहेर फुटला आणि एकच गहजब झाला. लोकांनी कंपनीची मासिक वर्गणी बंद केली. अखेर २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा सुमारे ४०० पानांचा दस्तऐवज ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला केला. तो परत घेता येत नाही. मूळ कर्त्याचा उल्लेख केला की झाले. जुनी कथानके मात्र त्यात नाहीत. त्यांच्यासाठी आजही परवानगी मागावीच लागते.

परवानगी मागायची तर ती लेखी घ्या. कोणते पुस्तक, कोणती भाषा, किती काळ, विक्रीसह की विक्रीविना, आणि दिलेली परवानगी मागे घेता येईल का, हे पत्रात स्पष्ट असू द्या. आणि शिक्षकहो, असा एखादा खेळ वर्गात शिकवण्याच्या ओघात वापरायचा असेल, तर आपल्या १९५७ च्या कायद्यातले ५२ वे कलम जरूर वाचा. शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या नकलेला त्यात सूट आहे. पण त्याच खेळाचे मराठी भाषांतर छापून तालुकाभर वाटायचे म्हणाल, तर ती सूट तिथवर ताणता येणार नाही. आधी मालकाला पत्र घाला.