तयार माणूस आणायचा की घरचा पोरगा घडवायचा? कबड्डीचा धडा



समजा, तुम्ही हरसूलमध्ये टू-व्हीलरचं गॅरेज टाकताय. नाशिकहून तयार मेकॅनिक आणायचा, की गावातला पोरगा हाताखाली घेऊन शिकवायचा? याचं उत्तर प्रो कबड्डीत सापडतं.

महागडा एकटा

2023 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. संघाची खरेदीची मर्यादा होती 5 कोटी. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एका माणसावर! पवन खेळाडू भारीच, पण बाकी संघ कच्चा राहिला आणि टायटन्स शेवटच्या नंबरवर गेले. त्याआधीच्या हंगामात तो तमिळ थलैवाजकडे होता. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला.

घरची फळी

पुणेरी पलटणने ‘युवा पलटण’मधून पोरं घडवली. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत तिथूनच वर आले. 2022 मध्ये संघ फायनल हरला, तरी मालकांनी ही पोरं सोडली नाहीत. 1 मार्च 2024 ला अस्लमच्या कॅप्टनशिपखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं.

आता नीट ऐका. पलटणनेही बाहेरून माणूस घेतला होता. इराणचा मोहम्मदरेझा शादलू, 2 कोटी 35 लाखांना! फरक एवढाच, की पाया आधी तयार होता. शादलूने फक्त उरलेली जागा भरली.

तुमच्या गॅरेजचा हिशोब

पगारासाठी महिन्याला 40,000 आहेत असं धरा. त्यातले 24,000 एकट्या मेकॅनिकवर गेले आणि दिवाळीला गावी गेलेला तो परत आलाच नाही, तर शटर खाली! म्हणून:

1. रोजचं काम घरच्यांकडे. पंक्चर, ऑइल, ब्रेक, सर्व्हिसिंग गावातली पोरं काही महिन्यांत शिकतात.
2. एक नाही, दोन पोरं घ्या. आवणीच्या दिवसांत एक शेतावर गेला, तरी दुसरा हजर असतो.
3. अवघड काम बाहेरून. इंजिनकामाला नाशिकचा मेकॅनिक आठवड्यातून दोन दिवस बोलवा. शिकवण्याचे पैसे वेगळे ठरवा.
4. काम वाढलं की पगार वाढवा. कबड्डीत संघाला खेळाडू राखून ठेवता येतो, तुम्हाला येत नाही. पोरगा इंजिन खोलायला लागला आणि पगार हेल्परचाच राहिला, तर तो शेजारी स्वतःचं गॅरेज टाकेल. त्यात चूक त्याची नाही.

घडवायला वेळ लागतो, सुरुवातीला नुकसानही होतं. तेवढी रक्कम भांडवलातच धरा.

आजचं काम: तुमच्या धंद्यातली पाच कामं लिहा. कोणती घरी शिकवता येतील आणि कोणत्या एका कामाला बाहेरचा माणूस लागेल? कमेंटमध्ये नक्की सांगा.