ड्युटीवरच्या शॉवरखाली जाण्याआधी

मुदखेडची आपली कितीतरी माणसं रेल्वेत, कारखान्यांत राबतात आणि ड्युटी सुटल्यावर तिथंच शॉवरखाली अंघोळ करतात. आठवडाभर शॉवर बंद राहिला की नळीत साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो. २० ते ४५ अंश तापमान त्याला मानवतं. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेले माजी सैनिक न्यूमोनियाने दगावले, त्यावरून त्याचा शोध लागला.

हा जंतू तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात जातो. म्हणून पाणी उकळून पिण्याने इथं भागत नाही. सुट्टीनंतर शॉवर आधी काही मिनिटं वाहू द्या, आपण बाजूला थांबा. बादलीने अंघोळ केली तर धोका बराच कमी. जाळीवरचा क्षार काढणं, टाकी धुणं हे मालकाचं काम आहे, उपकार नव्हेत. चारजणांनी मिळून सांगा.

विडी ओढणारे, मधुमेही आणि पन्नाशी उलटलेल्यांनी जास्त जपावं. दोन ते चौदा दिवसांत ताप, खोकला, धाप सुरू झाली तर डॉक्टरांना शॉवरचं आवर्जून सांगा. पेनिसिलिनच्या जातीची औषधं या न्यूमोनियाला लागू पडत नाहीत.