सही ठोकण्याआधी...

भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्यापासून बारामतीचं विमानतळ तसं जवळच. तिथं पायलट घडतात. २०० तासांचं फ्लाइंग, सीपीएल, मग टाइप रेटिंग... आणि डोक्यावर कर्ज! अशात वाढत्या एअरलाइनची ऑफर आली, की वाटतं डोळे मिटून सही ठोकावी. विमानं वाढली, की कॅप्टनची चौथी पट्टीही लवकर मिळणार ना!

पण जरा थांबा, बॉस! किंगफिशर २०१२मध्ये, जेट २०१९मध्ये, गो फर्स्ट २०२३मध्ये जमिनीवर आली. तिघीही कधीकाळी वाढतच होत्या. म्हणून आधी विचारा : बाँड किती वर्षांचा? बेस कुठला? फ्लाइंग कमी झालं तर हातात किती? पगार वेळेवर होतो का, हे तिथल्याच एखाद्या सीनिअरला गाठून विचारा.

ऊस घालणारा शेतकरी कारखान्याची चिमणी बघून भुलत नाही. मागचं बिल मिळालं का, ते आधी बघतो!