छत्रीसह वार्षिक वर्गणी

नियतकालिकाच्या व्यवस्थापकास वर्षातून एकदा एक अप्रिय काम करावेच लागते : संपलेल्या वर्गणीची आठवण देणे. अंक आवडीने वाचला जातो, एकाचा अंक चार घरांत फिरतो. वर्गणीचे नाव निघाले की मात्र ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे उत्तर मिळते. जगातील अतिशय धनाढ्य अशा एका कंपनीच्या आश्रयाने निघालेल्या नियतकालिकासही हाच अनुभव आला.

जून १९९६ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘स्लेट’ हे नियतकालिक सुरू केले. ते छापखान्यात नव्हे, केवळ संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावयाचे होते. संपादक मायकेल किन्स्ली हे ‘न्यू रिपब्लिक’ या जुन्या राजकीय नियतकालिकाचे माजी संपादक आणि सीएनएन वाहिनीवरील वादचर्चांमुळे सर्वपरिचित. राजधानी सोडून ते देशाच्या दुसऱ्या टोकास, पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या सिअ‍ॅटल शहराजवळ, कंपनीच्या मुख्यालयी दाखल झाले. पेढी बदलणे वेगळे आणि व्यवसायच बदलणे वेगळे. किन्स्ली यांनी वयाच्या पंचेचाळिशीत दुसरा मार्ग पत्करला.

नव्या माध्यमाची रीत कोणासच ठाऊक नव्हती. म्हणून जुनी रीत चालू राहिली. पडद्यावरील लेखांना आरंभी चक्क पृष्ठक्रमांक दिलेले असत! ज्यांना पडद्यावर वाचणे जमत नसे त्यांच्यासाठी कागदी आवृत्ती काढून ती स्टारबक्सच्या कॉफीगृहांतून विक्रीस ठेवण्यात आली. आज याचे हसू येईल. परंतु टेलिफोनच्या तारेवरून मोडेमद्वारे एकेक पान संथपणे उतरत असताना दीर्घ निबंध पडद्यावर कोण वाचणार, ही शंका त्या काळी अगदी रास्त होती.

खरा पेच होता तो किमतीचा. नियतकालिकाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही किन्स्ली यांची भूमिका होती. त्यानुसार वार्षिक १९.९५ डॉलर वर्गणी आकारण्याचे आरंभीच जाहीर झाले. पण ठरलेली तारीख पुढे गेली आणि १९९७ च्या आरंभी तो विचारच बाजूस ठेवला गेला. अखेर मार्च १९९८ मध्ये दार बंद करून वर्गणी लागू झाली. वर्गणीदारास भेट म्हणून ‘स्लेट’चे नाव असलेली छत्री देण्यात येई.

वर्गणीदार मिळाले सुमारे वीस हजार. हिशेब सोपा आहे : वीस हजार गुणिले १९.९५, म्हणजे जेमतेम चार लाख डॉलर, आणि तेही छत्र्यांचा खर्च वजा न करता. उलट दार बंद झाल्याने दुसरी बाजू लंगडी पडली. कुलूपबंद लेखाकडे इतर संकेतस्थळांवरून वाचक येईना, आणि वाचक घटला की जाहिरातदाराचा उत्साहही घटतो. वर्षभराच्या आतच, फेब्रुवारी १९९९ मध्ये, वर्गणी रद्द करून ‘स्लेट’ पुन्हा सर्वांसाठी खुले करण्यात आले.

तेवढ्यावरून संकेतस्थळास पैसे मिळतच नाहीत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्याच १९९६ साली आपले संकेतस्थळ सुरू केले. काही महिने ते मोफत दाखवले आणि मग वर्षाला ४९ डॉलर, छापील अंकाच्या वर्गणीदारास २९ डॉलर, असा दर लावला. १९९८ पर्यंत त्याचे वर्गणीदार सुमारे दोन लाखांवर पोहोचले. व्यापारी वाचकास यातील मर्म सांगावयास नको. बाजारभावाची बातमी वेळेवर कळली तर एका सौद्यात वर्षाची वर्गणी वसूल होते. शिवाय ती रक्कम बहुधा फर्मच्या खर्ची पडते. राजकारणावरील मार्मिक लेखाची किंमत मात्र वाचकास घरच्या पाकिटातून द्यावी लागते, आणि तसाच दुसरा लेख शेजारच्या दुकानी फुकट मिळत असतो. ‘जर्नल’नेही मोफत देण्याचा मोह अनुभवला. २००७ मध्ये ते खरेदी करताना रूपर्ट मर्डोक यांनी संकेतस्थळ खुले करण्याचा मनोदय व्यक्त केला होता; आकडे पाहिल्यावर काही महिन्यांतच त्यांनी तो सोडून दिला.

‘स्लेट’ने पुढील वर्षे जाहिरातींवर काढली. २००४ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ते वॉशिंग्टन पोस्ट कंपनीला विकण्याचा करार केला. वर्गणीचा प्रश्न पुन्हा हाती घेतला गेला तो एप्रिल २०१४ मध्ये, पण या वेळी दार बंद न करता. लेख पूर्वीप्रमाणे खुले राहिले आणि ज्यांना अधिक मजकूर हवा त्यांच्यासाठी ‘स्लेट प्लस’ नावाचे सभासदत्व सुरू झाले. त्याचा वार्षिक दर होता ५० डॉलर, म्हणजे छत्रीसह मागितलेल्या रकमेच्या अडीचपट.